उशीखालची सुरी

चूक माझी होती, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला सोडवून घेईन. पोलीस खात्यात असताना मी बरीच शस्त्रं जप्त केली, पण एका बाळंतिणीच्या उशीखालून काढलेली बोटभर सुरी मला अजून विसरता आलेली नाही. नावं लिहीत नाही. ती माणसं याच भागात राहतात.

तेव्हा मी रायपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. इकडे टीआय म्हणतात. समता कॉलनीत सकाळी फिरायला निघालेल्या बायकांना मागून धरायचं, गळ्याला सुरी लावायची आणि चेन ओढून पळायचं, असे प्रकार सुरू झाले होते. शेवटच्या प्रकारात एका निवृत्त शिक्षिकेच्या गळ्याला टाके पडले. त्यानंतर कॉलनीतल्या बायकांनी सकाळचं फिरणं सोडलं. दूधवाल्यानं घंटी वाजवली तरी लोक आधी खिडकीतून बघत. भीती मलाही होती, ती वेगळी. वरिष्ठांचा फोन वाजला की मी खुर्चीतून उठून उभा राहायचो.

शिक्षिकाबाईंनी फिर्यादीत एवढंच सांगितलं होतं की सुरी लहान होती आणि मूठ पांढरट होती.

दोन-तीन दिवसांत खबर आली. आमचा खबरी पानठेला चालवायचा. म्हणाला, "साहब, ब्राह्मणपारा में एक बुढ़ऊ घर में चाकू बनाता है. मूठ सींग की लगाता है. जले बाल जैसी बास पूरी गली में आती है."

आम्ही गेलो. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक वऱ्हाडी काका निघाले. मागच्या अंगणात छोटी भट्टी, ऐरण आणि ट्रकच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, तुकडे होते. पोलादाची पट्टी लाल करून ते ठोकत, तेलात विझवत आणि घासून लहान लहान सुऱ्या बनवत. मुठी म्हशीच्या शिंगाच्या, चिंचेच्या लाकडाच्या, बांबूच्या मुळाच्या. शिंगाला भोक पाडताना ते जळतं, त्याचाच तो वास. भाजीच्या, सुपारीच्या अशा सुऱ्या ओळखीचे लोक घेऊन जात. कायद्यानं गुन्हा ठरावा एवढं लांब पातं एकही नव्हतं. पण एका डब्यात चितळाच्या शिंगाचा कापलेला तुकडा सापडला. रंग पांढरट.

काकांना ठाण्यावर आणलं. लाकडी बाकावर ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"या शिंगाची मूठ कोणाला बनवून दिली?" मी विचारलं.

"बापाच्या काठीचं बोंड होतं साहेब. एकच सुरी बनवली."

"कोणाला दिली?"

काकांनी मान दुसरीकडे वळवली.

"काका, आपण एका गावाकडचे. काहून लपवून राहिले?"

"ते नाही सांगता येत मले. तुम्ही मले जेलात टाका, पण त्या घरी नका जाऊ."

माणूस असं बोलला की पोलिसाला वाटतं, धागा हाती लागला. मलाही तेच वाटलं. मी शिंगाचा तुकडा टेबलावर आपटला. "वनविभागाला कळवू? चितळ आहे हे. जामीन मिळणार नाही. काकू एकट्या राहतील घरी."

हे सगळं मी आवाज न चढवता बोललो. मारहाण मी कधी केली नाही, याचा मला अभिमान होता. पण भीती घालायला हात उचलावा लागत नाही. काकांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी दोन गल्ल्या पलीकडचं घर सांगितलं आणि मग डोकं खाली घातलं ते वर केलंच नाही.

संध्याकाळी आम्ही त्या घरी पोचलो. दारात एक बाई आडव्या झाल्या. "साहेब, आत बाळंतीण आहे हो. पाचवी आहे आज. बूट तरी काढा!"

मी बूट काढले नाहीत. आत पाट मांडलेला होता, सटवाईच्या पूजेची तयारी होती. पाचव्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, त्या रात्री त्याच्या उशाशी लोखंड ठेवतात, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्या मुलाच्या उशाशीही माझ्या आईनं विळा ठेवला होता. सगळं डोळ्यांपुढे होतं, तरी माझ्या कानात फोन वाजत होता. मी उशीखाली हात घातला. सुरी लागली. मूठ पांढरट.

त्या बाळंतीण मुलीचं पहिलं बाळ पाचवीच्या आतच गेलं होतं. हे मला तिथे, तिच्याच तोंडून कळलं. "दादा, नका नेऊ. पहिल्या वेळेस काहीच नव्हतं ठेवलं. आजची रात तरी राहू द्या. सकाळी मी स्वतः आणून देते."

मी म्हणालो, "पुरावा आहे ताई." आणि सुरी पाकिटात टाकली. तिनं बाळ उचलून छातीशी धरलं. रडली असती तर बरं झालं असतं.

ठाण्यावर जप्तीचा मुद्देमाल नोंदवताना आमच्या हेड कॉन्स्टेबल बाईंनी पाकीट उघडलं. छत्तीसगढच्याच, अभनपूरकडच्या. त्यांनी पात्यावर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"सर, इसमें तो धार ही नहीं है."

"क्या?"

"हव सर. लगाई ही नहीं है. बच्चे के सिरहाने की है न? इससे तो भाजी न कटे, गला क्या कटेगा!"

बाळाजवळ ठेवायची म्हणून काकांनी पात्याला धार लावलीच नव्हती. मी अंगठा फिरवून बघितला. मला त्या क्षणी सगळं समजलं. त्या घरी जाऊन सुरी परत देता आली असती. चालत गेलो असतो तरी पूजेआधी पोचलो असतो. पण वरिष्ठांना मी 'हत्यार जप्त' असं कळवून बसलो होतो. आता काय सांगायचं? मी बाईंना म्हणालो, "लिहा. पातं लहान, मूठ शिंगाची. बाकी काही लिहू नका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील फाटकाशी येऊन उभे राहिले. आत यायची हिंमत होईना. "साहेब, पोट्टी झोपली नाही. लेकराले कोणाच्या हाती देऊन नाही राहिली. दूध पाजतानाही दाराकडेच पाहते."

"तपास चालू आहे," मी म्हणालो.

गुन्हा उलगडला तो त्याच हेड कॉन्स्टेबल बाईंमुळे. त्या मला न विचारता शिक्षिकाबाईंकडे पुन्हा गेल्या. काय दिसलं, हे आम्ही सगळ्यांनी विचारलं होतं. त्यांनी त्या माणसाच्या वासाचं विचारलं, "दीदी, बास कइसे आत रिहिस?" शिक्षिकाबाई चटकन म्हणाल्या, "दवाखाने की. इंजेक्शन के पहले लगाते हैं न, वैसी." मग कॉलनीतले दवाखाने तपासले. एका ठिकाणचा मदतनीस सकाळच्या पाळीला सारखा उशिरा येत होता. त्याच्या पिशवीत चेनचे तुकडे आणि साधी फळं कापायची सुरी मिळाली. मूठ तुटलेली, तिच्यावर जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. विचारल्याबरोबर त्यानं कबुली दिली.

काका सुटले. शिंगाची बाब मी पुढे नेली नाही आणि त्याला उपकार समजलो. बोटभर सुरी न्यायालयाच्या आदेशानं परत गेली, तोवर बारसं होऊन गेलं होतं. मुलीवर मनाच्या डॉक्टरांचे उपचार चालू होते. बाळ धडधाकट होतं, पण ती त्याला खाली ठेवायला तयार नव्हती. काकांनी भट्टी मोडली. ऐरण भंगारात दिली. वर माझं कौतुक झालं.

भ्यालेला माणूस दोषी दिसतो, हे मी नोकरीत शिकलो होतो. या प्रकरणानं दुसरी गोष्ट शिकवली. भ्यालेला अधिकारी दिसतच नाही. त्याच्या अंगावर गणवेश असतो, हातात कागद असतो आणि त्याची भीती दुसऱ्याच्या घरात जाऊन राहते. तेव्हापासून कोणी मला 'त्या घरी जाऊ नका' म्हटलं, की मी आधी बूट काढायला शिकलो. पण ज्या घरी काढायचे होते, तिथे मी जात नव्हतो.

मुदतीआधी निवृत्ती घेतली, त्यानंतर गेलो. काका तोवर वारले होते. तो दरवाजा माझ्यासाठी कायमचा बंद झाला. ती मुलगी आता नवऱ्याकडे अभनपूरला राहते. तिनं मला ओळखलं आणि शाळेतून आलेल्या पोरीचा, तेव्हाच्या त्या बाळाचा, हात धरून तिला मागे घेतलं. ती सवय अजून गेलेली नव्हती.

नवरा भला माणूस. खुर्ची पुढे केली. "जाऊ द्या सर. तुमची ड्युटी होती. तुम्हाले तरी काय माहीत होतं?"

एवढं मान्य करून, चहा पिऊन मला परत येता आलं असतं. मी उभाच राहिलो. चपला दाराबाहेर होत्या.

"माहीत होतं," मी तिला म्हणालो. "सुरीला धार नाही, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं ताई. पूजेच्या आधी. तुम्ही एक रात्र मागितली होती. ती देणं माझ्या हातात होतं. मी नोकरीला भ्यालो आणि दिली नाही. मला माफ करा."