टॉवेलाखालचा हात

या पानावर येणारे अनुभव मी वाचतो ते हसायला. मी बैलांच्या बाजारात वाढलेला माणूस. मालकाने आईची शपथ घेतली तरी बैलाचं तोंड स्वतः उघडून दात पाहायचे, ही माझी सवय. भूतखेत, अंगात येणं, उतारे... यातलं काही मी कधी मानलं नाही. आता जे झालं ते लिहितोय. कोणाला पटलं नाही तर नाही पटलं. पण वाद घालायला येऊ नका, माझं डोकं लवकर तापतं.

मूळ गाव देवळाली प्रवरा. आता केडगावला राहतो, जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतो. शेड, घर, गाडी, सगळं स्वतःच्या हिमतीवर. पण धंदा शिकलो तो थोरल्या भावाकडे, आण्णाकडे. तो बैलांचा दलाल होता. आमच्याकडे बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं एकमेकांचा हात धरतात, वर टॉवेल टाकतात आणि खाली बोटं दाबून सौदा चालतो. तोंडाने पाऊसपाण्याच्या गप्पा, टॉवेलाखाली खरं बोलणं. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. आण्णाचा हात मी असा हजारदा धरलाय. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. बैल उधळला तेव्हा कासऱ्यात सापडून मोडलेलं, तसंच सांधलेलं.

पुढे आमचं बिनसलं. एका बैलजोडीसाठी मी माझ्या गिऱ्हाइकाला शब्द दिला होता आणि आण्णाने भर घोडेगावच्या बाजारात ती जोडी दुसऱ्याला सोडली. का, तर म्हणे तुझं गिऱ्हाईक जनावराला मारतं. माझा शब्द गेला, लोक हसले. त्या दिवसापासून बोलणं बंद. कित्येक वर्षं.

तेही मी गिळलं असतं. पण आण्णा गेला, आणि मला कोणी कळवलं नाही! केडगावहून देवळाली ती काय, तास-दीड तासाची वाट. राहुरीतल्या एका ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला, शेठ तुम्ही दिसला नाहीत मयताला... मी पोचलो तेव्हा चितेची आग खाली बसली होती. सख्ख्या भावाचं तोंड पाहायला मिळालं नाही. घरी आलो, तर वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मी तसाच गाडीत बसलो.

यंदा रूपालीचं लग्न ठरलं. रूपाली म्हणजे आण्णाची एकुलती एक मुलगी. तिने स्वतः फोन केला. "काका, आण्णांच्या जागी तुम्ही उभे राहा. कन्यादान तुम्हीच करा." मी म्हणालो, "ज्याच्या मयताला मी परका, त्याच्या लेकीच्या लग्नाला मी काका कुठला?" आणि फोन ठेवला.

बायको, मंगल, आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. मी त्यावरही उपाय काढला. श्रीरामपूरची काही मंडळी अंदमानला निघाली होती, नेमकी लग्नाच्याच दिवसांत. आमचीही नावं घातली. म्हटलं, गावात असलो की लोक विचारणार. समुद्रापलीकडे कोण विचारतंय?

पोर्ट ब्लेअरहून बोटीने एका लहान बेटावर नेलं. तिथे ओहोटीच्या वेळी किनाऱ्याने चालत गेलं की खडकात आपोआप तयार झालेलं एक कुंड लागतं. समुद्राचंच पाणी, पण चहूबाजूंनी खडक, म्हणून लाटा आत येत नाहीत. वाटाड्या बंगाली होता, हिंदी बोलायचा. त्याच्याशीही मी घासाघीस केली, सवयच ती. वाट म्हणजे नुसतं मेलेलं प्रवाळ, विळ्याच्या पात्यासारखं. मी पायात आपली साधी चप्पल घालून गेलो होतो. ती दोनदा तुटली, पाय कापला आणि मी सगळ्या बेटाला शिव्या घातल्या. मंगल मागून म्हणाली, "शिव्या घालायला एवढ्या लांब यायची काय गरज होती? घरी काय कमी जागा हाय का?"

सकाळची वेळ, लख्ख ऊन. आज लग्न आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, बोललं मात्र कोणी नाही. बाकीचे पुढच्या खडकावर फोटो काढायला गेले. मंगल काठावर पाय सोडून बसली. मी कुंडात उतरलो, बसलो, छातीपर्यंत पाणी आलं. पाणी इतकं स्वच्छ की तळातली वाळू मोजून घ्यावी. खांद्यावरचा टॉवेल सटकला आणि माझ्या हातांवर पसरून तरंगायला लागला. मी तो उचलला नाही. बरं वाटत होतं.

आणि टॉवेलाखाली कोणीतरी माझा हात धरला.

लागला नाही, घासला नाही... धरला. आमच्या धंद्यात धरतात तसा, अंगठा मनगटावर ठेवून. मधलं बोट वाकडं होतं. माझ्या तळव्याला ते वाकडं बोट कळलं. मग त्या हाताने माझी करंगळी दाबली. दोनदा.

ही खूण कुठल्याच बाजारात चालत नाही. ती फक्त आम्हा दोघांची. मी सौद्यात तापलो, हमरीतुमरीवर आलो की आण्णा पाठीमागून गुपचूप माझा हात धरायचा आणि करंगळी दोनदा दाबायचा. म्हणजे, सोड. ऊठ इथून. मला आजवर बाजारात कोणी गप्प करू शकलेलं नाही. त्या खुणेने मी गप्प व्हायचो.

मी उठलो नाही. हात गच्च धरून ठेवला. पुन्हा करंगळी दाबली गेली. मंगल सांगते की मी मोठ्याने म्हणालो, "नाही सोडणार." तिला वाटलं मी वाटाड्याशी बोलतोय, कारण भरती सुरू होते म्हणून तो लांबून हाका मारत होता. मग तो हात हळूच निघून गेला. ओढून घेतला नाही. सौदा संपल्यावर निघतो तसा निघाला.

मी टॉवेल उचलला. खाली वाळू, आणि माझा रिकामा हात. दुसरं काही नाही. मासा नाही, खेकडा नाही, गवताची काडीसुद्धा नाही. मी तिथेच लहान पोरासारखा रडलो. मंगल साडीसकट पाण्यात उतरली.

वाटाड्या म्हणाला, मछली होगी. माशाला करंगळी कोणती आणि अंगठा कोणता ते कळतं का? आमच्या डॉक्टरांनी बीपीच्या गोळीचं कारण दिलं. घेतो ती गोळी, रोज घेतो, रोज कोणी हात धरत नाही. लग्नाच्या मुहूर्ताशी वेळ जुळते का, असं तुम्ही विचाराल. मी पाहिलेलं नाही. पाहणारही नाही.

परत आल्यावर घरी सामान टाकलं आणि तडक देवळालीला गेलो. रूपाली सासरी गेली होती. कन्यादान तिच्या मामाने केलं होतं. घरात वहिनी एकट्या. त्यांनी पाणी दिलं आणि लांब बसल्या. माझं डोकं तिथेही तापलंच. म्हणालो, एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं?

त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, बाजारात हे समोर आले की तुमी तोंड फिरवायचे. हे घरी येऊन जेवायचे न्हाईत. मी कोणत्या तोंडानं फोन करू?"

मी अजूनही म्हणतो की फोन करायला हवा होता. पण तिथे म्हणालो नाही.

मग त्या आपणहून बोलायला लागल्या. आण्णाला अर्धांगाचा झटका आला होता, हे मला तेव्हा कळलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. "कोनी जवळ बसलं की त्याचा हात धरायचे अन् करंगळी दाबायचे. सारखं. आमाला वाटायचं पानी पायजे. आमी पानी पाजायचो, तर मान हलवायचे... न्हाई म्हनून. शेवटपर्यंत काय पायजे ते कळलंच न्हाई बगा."

मला कळलं असतं. साऱ्या जगात मला एकट्याला कळलं असतं, आणि मी तासा-दीड तासाच्या अंतरावर ट्रॅक्टर विकत बसलो होतो.

मग मी त्यांना कुंडातलं सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसतील किंवा रडतील. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिल्या. मग विचारलं, "उजवा हात हुता?"

"व्हय. वाकडं बोट लागलं ना मला."

"त्या हाताला मी रोज तेल चोळायचे," त्या म्हणाल्या. "सहा म्हैने. बोट हाललं न्हाई." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "जोर हुता का हातात?"

"होता, वहिनी. बाजारात असायचा तेवढा."

त्यांनी मान हलवली. "मग बरं हाय," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. चहाला फार वेळ लागला. मी आत डोकावलो नाही.

रूपाली माझ्याशी अजून नीट बोलत नाही. फोन उचलते, आईकडे देते. तिचं बरोबर आहे, ती वेळ पुन्हा येणार नाही. तो हात तिथे कसा आला, समुद्रापलीकडे माझ्यापर्यंत कसा पोचला, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि कोणाकडे असेल असं वाटतही नाही. मीच ते सारखं उकरत बसतो. वहिनींनी मात्र त्यानंतर एकदाही तो विषय काढलेला नाही. त्यांना जे विचारायचं होतं, ते त्यांनी त्या दिवशीच विचारलं.