फिट्टंफाट आणि तीनशे शब्द

…तर त्याच्या घरचा अकरावा चहा मी प्यायलो, माझ्या घरचा अकरावा त्यानं आधीच रिचवला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून गड्यानं माझ्या घरची पायरी चढणंच सोडलं. कालची गोष्ट इथंच अडली होती ना? मी विचारलं, "का रे बाबा, रुसलास की काय?"

"छे! फिट्टंफाट झाली की आपली. आता एक घोट इकडचा तिकडं झाला, तर दोघांतला एक तोट्यात."

तेव्हापासून त्याचं नावच फिट्टंफाट पडलं. जळालेल्या मोटरींना नवी तार भरून द्यायचं त्याचं दुकान. हात असा, की मेलेली मोटर उठून गुणगुणायला लागावी! पण हात लावण्याआधी तो पाटी घ्यायचा. तार भरायचा खर्च किती, आणि मोटर अजून किती दिवस चालली म्हणजे तो भरून निघेल, तो आकडा पाटीवर. तेवढी चालणार नसेल तर, "भंगारात टाका."

हे मोटरींपुरतं असतं तर ठीक. शेजारच्या नव्वदीच्या म्हाताऱ्याला कवळी बसवायची होती, त्याच्याही पुढ्यात यानं पाटी धरली. "दिवसाला खाता चार घास. एकशे सहा वर्षं जगलात तर कवळी फिटेल. जगताय?" म्हातारा बोळक्या तोंडानंच वर गेला. मी तेव्हा पोट धरून हसलो होतो, खोटं कशाला बोलू!

मग त्याच्या बायकोचे कान गेले. दोन्ही. लेक म्हणाली, "बाबा, आईला कानातलं यंत्र घेऊ. पैसे मी भरते."

"पैसे कुणाचेही असोत, तोटा तो तोटाच," हा म्हणाला आणि आठवडाभर घरात खडू घेऊन बसला. नवरा-बायकोत दिवसाला किती शब्द होतात? सेहेचाळीस. त्यातले तीस तर 'पाणी', 'ताट', 'दार लाव', हातवाऱ्यांनी भागणारे. यंत्र फिटायला दिवसाला तीनशे तरी हवेत.

बायको हळूच म्हणाली, "नात बोलायला लागलीय हो. तिचं एकदा ऐकलं असतं."

यानं पाटीवर लिहून दाखवलं: नात महिन्यातून एकदा येते. शब्द दोनच बोलते. सरासरी शून्य.

तिनं पाटी वाचली, पदरानं पुसून जागेवर ठेवली आणि कामाला लागली. पुन्हा विषय काढला नाही.

पुढं एका सकाळी, दहाच्या सुमारास, दुकानामागच्या खोलीत माळ्यावरून पंपाची मोटर उतरवताना याची शिडी सरकली. हा खाली, मोटर पायावर. बायको दहा हातांवर स्वयंपाकघरात पाठमोरी, शेंगा सोलत बसलेली. दुपारी दोनला जेवायला आला नाही म्हणून बघायला आली, तेव्हा पाय काळानिळा पडला होता. डॉक्टरांनी गुडघ्यापासून कापला.

मी भेटायला गेलो. लेकीनं तोवर यंत्र आणूनच ठेवलं होतं, खाटेच्या कडेला कोरी डबी. पण आईचा हट्ट, यांनी हो म्हटल्याशिवाय कानात घालणार नाही. ती उशापाशी उभी होती, नजर याच्या ओठांवर. मला राहवलं नाही. म्हटलं, "काय फिट्टंफाट, आता तरी पटलं का?"

त्यानं मला जे उत्तर दिलं ते शब्दन् शब्द सांगतो:

"तात्या, पडल्या पडल्या मोजलंय मी. दोनशे ऐंशी हाका आणि वीस शिव्या, बरोबर तीनशे. त्या एका दिवशी यंत्र फिटलं असतं, कबूल. पण आता एका पायानं मी काही शिडी चढत नाही, मग हाक मारायची वेळ येतेय कुठं? पोरीला सांग, डबी उघडली नाहीये तोवर परत करून ये."