रंगुबाईचं पळीभर तेल

सांगलीत नानासोंच्या गिरणीत मिरची कांडायचा डंख होता. लोखंडी मुसळं विजेवर उचलायची आणि उखळात दाणकन आदळायची. मुसळ वर गेलं की तेवढ्यात हात घालून मिरची खालीवर करायची, हे काम कवठे महांकाळच्या रंगुबाईचं. हाताखाली पाच बाया. चौदा वर्षं हात घातला, पण एक बोट गेलं नाही. करून बघा म्हणजे कळेल.

चौऱ्याहत्तर साली वीजकपात आली. नानासोंनी गरगर फिरणाऱ्या हातोड्यांचं नवं यंत्र चाचणीला आणलं. त्याला एक गडी पुरे. कॉलेजातले हुपरीकर सर मीटर आणि चाळणी घेऊन आले. विजेच्या एका युनिटात बारीक चाळणीखाली जास्त पूड पाडील ते यंत्र राहणार, दुसरं भंगारात. म्हणजे सहा बायांची भाकरीच चाळणीवर ठेवली म्हणा.

पहिला दिवस तालमीचा. सरांनी उखळ गच्च भरायला लावलं. रंगुबाई म्हणाली, "आवं सायेब, गच्च भरलं की घाव मिरचीवर बसत न्हाई, गादीवर बसतोय. निम्मंच भरा." सरांनी तसं करून मोजलं, तर पूड दीडपट. नव्या यंत्राच्याही पुढं. सर हरखले, पण शिंकून शिंकून बिचाऱ्यांचे डोळे सुजले होते. "उद्याचं माप शेवटचं," म्हणून ते डोळ्यांना रुमाल लावून गेले.

रंगुबाईला त्यांची दया आली. आली म्हणजे काय, स्वभावाला औषध नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डंखाच्या मिरचीवर पळीभर तेल सोडलं. घरोघरी सोडतात, खकाणा उडत नाही. त्या दिवशी सर एकदाही शिंकले नाहीत.

पण तेलकट पूड चाळणीला चिकटली, भोकं बुजली. वर राहिली ती सगळी सरांनी जाड म्हणून लिहिली आणि डंख नव्या यंत्राच्या मागं पडला. रंगुबाईनं चिमटीत चोळून दाखवली, गुलालासारखी बारीक. "तेलानं अडलीया ही. फिरून कोरडी मोजा की वं."

सरांच्या ध्यानात आलं. त्यांनी नानासोंकडं बघितलं.

"शेवटचं म्हंजे शेवटचं," नानासो म्हणाले. त्यांना सहा बायांची कटकट तशीही नकोच होती.

सरांनी वही मिटली. एक शब्द बोलले असते तर जीभ झिजली असती का?

डंख भंगारात गेला. पाच बाया ऊसतोडीला गेल्या. रंगुबाई घरच्या उखळावर लोकांची मिरची कांडू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात सरांच्या बायकोनं दोन किलो मिरची धाडली. आणणारा गडी म्हणाला, "यंत्रात चटणी तापती, रंग जातोय, म्हणून तुमच्याकडं धाडलीया. आन् पळीभर तेल सोडा म्हणाल्यात. सरांना खकाणा सोसत न्हाई."

रंगुबाईनं मनातल्या मनात सरांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग उठली, बुधली काढली आणि तेल सोडलं. चूल पेटायची होती.