काळ्या रेघेबाहेरचं गाव

नववीतूनच शाळेला रामराम ठोकून मी कोकणातून थेट विदर्भात, आरमोरीला बहिणीकडे आले. तिथल्या छापखान्याच्या मालकांनी, म्हणजे भाऊंनी, मला थेट कॉम्प्युटरवर बसवलं. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे देवच. चपला बाहेर काढूनच दर्शन.

भाऊंनी एकदाच समजावलं होतं. "पानावर ही काळी रेघ दिसते ना बाई, तिच्यावर ब्लेड पडते. रंग तिच्या बाहेर जाऊ दे, नाईतर कडेले पांढरी धार दिसते. अक्षर मात्र आतच." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी शाळेतही पहिलीच होते.

दिवाळीनंतर आमच्या त्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकांचा हंगाम. एका गावच्या मंडळाचे अध्यक्ष पोस्टर करायला आले. पोस्टरवर नाटक थोडं, मंडळ फार: उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि सव्वीस सदस्य. "एकही नाव सुटलं तं गावात दुसरं मंडळ उभं राहीन," त्यांनी बजावलं. नावं बसवता बसवता गावाचं नाव खाली सरकत गेलं. काळ्या रेघेबाहेर लाल रंगाची पट्टी रिकामी पडलेली. ही उधळपट्टी मला बघवेना. गाव मी तिथे बसवलं.

न कापलेल्या नमुन्यावर सगळं दिसत होतं. अध्यक्षांनी स्वतःचं नाव तेवढं तपासून सही केली. मग गठ्ठा कटिंग मशीनखाली गेला.

"नाटक हाये कुठी?" अध्यक्षांनी पोस्टर माझ्या नाकासमोर धरलं. "हिरोईन हाये, टाइम हाये. लोकाईनं बैलबंडी कोन्या गावाले हाकाव? तुमच्या दुकानात?"

नाटक चार दिवसांवर. पुन्हा छापायला कागद नव्हता. मला परतीची एसटीच दिसायला लागली. घरी सगळ्यांना सांगून बसले होते, मी कॉम्प्युटर चालवते म्हणून.

भाऊ वाकले. मशीनखालच्या कातरणांतून त्यांनी एक लाल पट्टी उचलली. दोन बोटं रुंद, आणि तिच्यावर गाव अख्खंच्या अख्खं.

"अध्यक्षसाहेब, तुमचं गाव सापडलं. बाई, मैद्याची लई शिजव."

तिघंही पट्ट्या चिकटवत बसलो. "याच्यासाठी झालो का मी अध्यक्ष?" अध्यक्ष लईभरल्या बोटांनी विचारत होते. मी पुढची पट्टी त्यांच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी मी दारातच घुटमळले. मॉनिटरच्या खालच्या कडेला भाऊंनी उरलेली एक पट्टी चिकटवली होती. एवढा मोठा सत्कार माझा शाळेतही झाला नव्हता.

"काऊन उभी राह्यली?" आतून आवाज आला. "चपला काढ अन् ये. दुसऱ्या गावचं मंडळ बसून हाये."