मापाला उभी राहणारी

देवरूखला आमच्या घरात भिंतीवर ओळीने सात फोटो आहेत. प्रत्येकात भाट्याच्या किनाऱ्यावरचं एक वाळूशिल्प आणि शेजारी माझी बायको. दरवर्षी एका रविवारी चित्रकलेची मुलं पहाटेच्या ओहोटीला जुन्या काव्यनाटकांतली पात्रं वाळूत घडवतात आणि भरती ती घेऊन जाते. फोटोचा नाद माझा. ती नुसती मापाला उभी राहायची. शेजारी माणूस नसेल, तर वाळूचा राजा वीतभर की पुरुषभर, हे कळणार कसं?

भरतीची वेळ मात्र तीच काढायची. खाडीकाठी वाढलेली ती. कॅलेंडरात तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची आणि सांगायची, "अहो, अकराच्या आत पोचायला हवं. डोंगरातले तुम्ही, तुम्हाला काय कळतंय!" मी चिडायचो, पण एस.टी. तिच्याच हिशेबाने पकडायचो.

गेल्या गणपतीनंतर ती गेली.

यंदा कळलं, की मुलं दाराशी उभी राहून नवऱ्याची वाट बघणारी एक नायिका करणार आहेत. शाळेच्या नाटकात बायकोने तेच काम केलं होतं. "हिला कधी करतील हो?" असं ती दरवर्षी विचारायची. तेव्हा हा आठवा फोटो हुकवायचा नाही, असं मी ठरवलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरात तारीख बघितली. चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे भरती दुपारी तीनला, अकराला पोचलो तरी पुष्कळ. स्वतः गणित केलं म्हणून जरा ऐटही आली.

किनाऱ्यावर गेलो तर लोक परत निघालेले. मी म्हणजे वरातीमागून घोडं! लाटा शिल्पांत शिरल्या होत्या. नायिकेचा एक खांदा आणि चौकटीला धरलेला हात तेवढा शिल्लक होता. पँट भिजवत पुढे गेलो, कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने म्हणालो, "जरा डावीकडे सरक."

मागे एक म्हातारी मासेवाली उभी होती. "कोणाला सांगताव?" तिने विचारलं. "आज पुनव ना? भरती भरत आली. घरात कॅलेंडर नाय काय?"

कॅलेंडर आहे. पण ते गेल्या वर्षीचं. गॅस कधी लागला, इस्त्रीवाल्याला काय दिलं, हे सगळं त्यावर तिच्या अक्षरात आहे, म्हणून मी ते उतरवलंच नाही. तारीख बघितली, वार जुळतोय का हे बघितलं नाही. तिला सांगून हसायला हवं होतं. सांगायला कोणी नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर मला फार एकटं वाटलं.

येताना बाजारातून नवं कॅलेंडर घेतलं. त्याच खिळ्याला लावलंय, जुन्याच्या वर.

फोटो एकच निघाला. ओल्या वाळूचा उंचवटा आणि शेजारी पाणी. तोही भिंतीवर लावलाय. येणारे-जाणारे विचारतात, "ही केवढी होती हो?"

मी माझ्या खांद्याच्या जरा खाली हात धरतो आणि म्हणतो, "एवढी."