श्रावणात उघडलेला बार

बार कधी उघडावा, हे नाशिकचा कुठलाही वेटर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. गटारीच्या आठवडाभर आधी. गटारीला जे काही होतं, त्याच्या जोरावर पुढचा उपाशी श्रावण निघतो. मी उघडला श्रावणातल्या मंगळवारी.

त्याला कारण होतं. बायकांच्या कबड्डीची एक मोठी अंतिम लढत त्या मंगळवारी संध्याकाळी टीव्हीवर होती आणि आमचा बार होता फक्त बायकांच्या खेळांचा. कल्पना बायकोची. ती जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेली. कॉलेजात असताना मी तिचे सामने बघायला जायचो आणि चुकीच्या वेळी टाळ्या वाजवायचो. ओळख तिथूनच झाली. आग्रा हायवेला, आडगावच्या अलीकडे, एक डबघाईला आलेला परमिट रूम आम्ही चालवायला घेतला. नियम एकच. टीव्हीवर बायकांचेच सामने. पुरुषांची फायनल असली तरी चॅनल बदलायचं नाही. माझ्या मामांनी हे ऐकून, दारू तरी पुरुषांना मिळणार ना, एवढंच विचारलं.

बायकोने ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली होती. ती त्या मंगळवारी संपत होती. आदल्या दिवशी पोळ्या लाटता लाटता ती मला म्हणाली, "उद्या माझी टीम येईल. हॉलमध्ये, टीव्हीसमोर बसेल. शेवटच्या चढाईपर्यंत एकीलाही उठून जावं लागलं नाही, तर मी राजीनामा देते. एक जरी उठून गेली, तर परवा मी ऑफिसला. मग तू आणि तुझा बार."

मी आणि माझा बार, या जोडीचं काय झालं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला रम आणि व्हिस्की बाटलीवर वाचल्याशिवाय वेगळ्या ओळखता येत नाहीत.

जुन्या परमिट रूममध्ये प्लायवुडच्या तीन केबिनी होत्या. त्यांना 'फॅमिली' म्हणायचं. आपल्याकडे बाई बारमध्ये आली की वेटर तिला काही न विचारता तिकडे नेतो आणि पडदा ओढतो. बायको म्हणाली होती, आधी त्या तोड. मी हो म्हणालो. मग सुतार नागपंचमीला गावी गेला, असं मी तिला सांगितलं. सुतार कुठेही गेला नव्हता. केबिनी कधीतरी उपयोगी पडतील, असं मला वाटत होतं.

उपयोगी पडल्या. श्रावण पाळणारा माणूस पिण्यासाठी कसा येतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. दारात तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो, जणू रिक्षाची वाट बघतोय, आणि मग पाठमोराच आत येतो. असे तिघं आले. तिघंही सरळ केबिनीत शिरले आणि पडदे त्यांनी स्वतःच ओढले. हॉल रिकामा आणि 'फॅमिली' फुल्ल. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी काउंटर पुसायला घेतला.

मग तिची टीम आली. सहा जणी. पुढे त्यांची जुनी कॅप्टन. ती आता चांदवडच्या एका मोठ्या शेतकरी घरातली मधली सून. घरी सांगून आली होती, मैत्रिणीच्या मंगळागौरीला जाते, खेळ उशिरापर्यंत चालतील. एका परीने ते खोटंही नव्हतं. सगळ्या टीव्हीसमोर बसल्या. एकीने बियर मागवली, बाकीच्यांनी लिंबू सोडा. "दाजी, टाळ्या आम्ही सांगू तेव्हाच वाजवायच्या," कॅप्टन म्हणाली, आणि लढत सुरू झाली.

लढत पहिल्यापासून अटीतटीची. कधी आपल्या राज्याच्या मुली एका गुणाने वर, कधी समोरच्या. या सहाजणी खुर्चीत बसून खेळत होत्या. पकड झाली की सहा मुठी आवळायच्या. उत्तरार्ध निम्मा झाला असेल, तेवढ्यात मधल्या केबिनीतून खोकला आला आणि मागोमाग आवाज: "ए भाऊ, अजून एक भुर्जी टाक. तिखट कर लय."

कॅप्टनने ग्लास खाली ठेवला. मला बोटाने जवळ बोलावलं.

"दाजी, आत आमचे चुलत सासरे आहेत."

तिने हळू आवाजात सांगितलं ते असं: हे गृहस्थ श्रावणात घरात अंड्याचं नावसुद्धा काढू देत नाहीत. भावकीत कोणाच्या सुनेने काय करावं, ते हेच ठरवतात. आज त्यांनी हिला इथे पाहिलं, तर उद्या सकाळी चांदवडभर होईल आणि तिचं माहेरी जाणंसुद्धा बंद होईल. ती पर्स उचलायला लागली. ती उठली तर बाकीच्या पाचही उठणार, हे सांगायची गरज नव्हती. बायको टीव्हीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"बसा," मी म्हणालो. "ते बाहेर येणार नाहीत. माझी जबाबदारी."

मी भुर्जी घेऊन आत गेलो. धोतर, खांद्यावर टॉवेल, समोर अर्धी क्वार्टर. भुर्जी आमच्याकडून समजा, म्हणालो. त्यांनी ती चार घासांत संपवली आणि बिल मागितलं. त्यांना एसटी गाठायची होती. मशीन बंद आहे, म्हणालो. तोंडी सांगा, ते म्हणाले. मला हिशेब येत नाही, मी म्हणालो, आणि हे त्यांना चटकन पटलं. तेवढ्यात बाहेर सहाजणी एकदम ओरडल्या आणि ते उठू लागले. मग मी माझ्या मते हुकमाचं पान टाकलं.

"काका, बाहेर जाऊ नका. चांदवडचं कोणीतरी बसलंय."

ते इतक्या पटकन खाली बसले, की मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. टॉवेल त्यांनी डोक्यावरून घेतला आणि कुजबुजले, "मागून दार हाय का?"

"आहे ना," मी आनंदाने म्हणालो. "तिकडे, डावीकडे."

आमचं मागचं दार टीव्हीच्या अगदी शेजारी आहे. हे मला आठवलं, तोवर ते पडद्याबाहेर पडले होते.

हॉलमध्ये शेवटची चढाई सुरू होत होती. आपण एका गुणाने मागे. सहाजणी उभ्या होत्या, म्हातारा टॉवेलखाली मान घालून भिंतीभिंतीने सरकत होता, आणि टीव्हीपाशी पोचल्यावर समोर नेमकी सूनबाई. दोघं दोन हातांवर.

"तू मंगळागौरीला गेलीस ना?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"आणि तुम्ही डोळे दाखवायला."

मला वाटलं, आता ती पर्स घेणार आणि सगळं संपणार. पण ती जागची हलली नाही. तिची मान टीव्हीकडेच होती. चढाई करणारी मुलगी बोनस रेषेपाशी पोचली होती.

"काका," ती म्हणाली, "मध्ये उभे राहू नका. बसा. शेवटची चढाई आहे."

म्हाताऱ्याने एक खुर्ची चाचपडली आणि बसला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "डॉक्टरनी डोळ्यात थेंब घातलेत. मला काय दिसत नाय. इथं कोण हाय, कोण नाय, काय दिसत नाय."

तिकडे आपल्या मुलीने दोघींना हात लावला, कोणीतरी तिचा पाय धरला, तिघी तिच्या अंगावर पडल्या आणि त्या ढिगातून तिचा हात मध्यरेषेकडे सरकत होता. म्हणजे असं म्हणतात. मी सुनेकडे आणि सासऱ्याकडे बघत राहिलो, त्यामुळे माझ्या आयुष्यातली सगळ्यात महागडी चढाई मी पाहिलेली नाही. पंचाने हात वर केला नाही, एवढं कळलं, कारण म्हातारा ताडकन उठला.

"अरे, लागला ना हात! बोटं लागली रेषेला, लख्ख दिसतंय!"

सहाजणींनी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो हळूच पुन्हा खाली बसला. मग पंचांनी रिप्ले मागवला आणि आपल्याला दोन गुण मिळाले.

त्यानंतरच्या गोंधळात म्हातारा केव्हा गेला, ते कळलं नाही. बिल न देता गेला, आणि हिशेब येत नसल्याचं मी स्वतःच कबूल केल्यामुळे मला काही बोलता येईना. कॅप्टन खुर्चीत बसून सोडा पीत होती.

"उद्या त्यांनी सांगितलं तर?" मी विचारलं.

"सांगतील की. पण मला कुठे पाहिलं, तेही सांगावं लागेल ना." ती जराशी हसली, मग बायकोकडे वळली. "तू काय करतेस? उद्या ऑफिस?"

बायको माझ्यासमोरून गेली, रिमोट उचलला आणि पुढचे कार्यक्रम बघू लागली.

"उद्या हॉकी आहे," ती म्हणाली.