निळ्या ब्रेक ऑइलचा कैवारी

इथे परदेशात, बॉल्सब्रिजच्या बसस्टॉपवर रोज भेटणाऱ्या त्या पुणेकराचं नाव मी कधी विचारलं नाही. ब्रेक ऑइल पिवळसरच हवं, या अमेरिकन नियमामुळे निळं ऑइल इथेही बंद झालं आणि गृहस्थ सुतकात गेले.

"अहो, एकदा पिवळं भरायचं, पुढच्या वेळी निळं. नळीत रंग बदलला की समजायचं, जुनं सगळं निघालं. एवढी सोय कुणाला खुपली?"

बोलताना त्याचा उजवा पाय फुटपाथवर ब्रेक दाबत असे. शेवटचे चार डबे त्याने स्वयंपाकघरात तूरडाळीमागे लपवले होते.

एकदा विचारलं, "गाडी कुठली तुमची?"

"घेईन की! आधी लायसन्स मिळू दे. तीनदा नापास केलं लेकाच्यांनी."

"कशात?"

"म्हणे, ब्रेक वेळेवर दाबत नाही."